भंगारवाला याचे किती देईल?

पत्र : 'आम्ही चिपळूणला राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पुरुषभर पाणी होतं. प्लायवूडचं किचन, कपाटं, दिवाण सगळं फुगून गेलं. वाचला तो फणसाचा जुना बाक आणि सासऱ्यांच्या वायरने विणलेल्या दोन लोखंडी खुर्च्या. इतके दिवस तात्पुरतं भागवलं, आता घर नीट करायचं ठरवलंय. इंटिरियरवाले म्हणतात, सगळं डब्ल्यूपीसीमध्ये, म्हणजे 'वुड प्लॅस्टिक कॉम्पोझिट'मध्ये करा. पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही आणि शंभर टक्के रिसायकलेबल आहे. लेक पुण्याला आर्किटेक्चर शिकते. ती म्हणते, ते तर पीव्हीसी आहे, त्यापेक्षा बाटल्यांच्या झाकणांपासून केलेल्या रंगीत ठिपक्यांच्या शीट घ्या आणि पडवीतला नि अंगणातला बाकही रिसायकल प्लॅस्टिकचा करा. यजमान म्हणतात, घरात प्लॅस्टिक भरून कुणी पर्यावरण वाचवतं का? शिवाय माळ्यावर सहा जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या पडल्या आहेत. कोणाचं ऐकू?'
— एक वाचक, चिपळूण

ताई,

तुमच्या घरात सल्ला द्यायला तिघं आहेत, पण ज्याला प्लॅस्टिकमधलं सगळ्यात जास्त कळतं त्याला कुणी विचारलेलं दिसत नाही. दारावर येणारा भंगारवाला. कुठलीही फळी, शीट किंवा खुर्ची घेण्याआधी तिचा एक तुकडा त्याच्या हातात द्या आणि विचारा, 'असं शंभर किलो निघालं तर घेशील का? काय भाव देशील?' तो बोटाने वाजवून, वाकवून, नखाने ओरखडून पाहील आणि कॅटलॉगच्या चार पानांत नसलेली माहिती तुम्हाला अर्ध्या मिनिटात देईल.

त्याचं गणित सरळ आहे. पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची, एचडीपीईचा (म्हणजे घट्ट जातीच्या पॉलिथीनचा) कॅन, पाण्याची पीईटी बाटली, पीव्हीसीचा पाइप हे तो घेतो, कारण प्रत्येकाला पुढे गिऱ्हाईक आहे. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी माल जातीप्रमाणे आणि रंगाप्रमाणे निवडला जातो, धुतला जातो, दळला जातो आणि त्याचा पुन्हा दाना, म्हणजे नव्या वस्तूसाठी वितळवायचे बारीक दाणे, होतो. हे सगळं चालतं ते माल एकजिनसी असेल तरच. दोन जातींचं प्लॅस्टिक एकमेकांना चिकटवलं, वर कागदी लॅमिनेट लावलं, आत काचेचे तंतू घातले, की तो माल त्याच्या दृष्टीने कचरा. मग ती वस्तू मुळात कितीही बाटल्या वितळवून केलेली असो.

आता तुमचे इंटिरियरवाले. डब्ल्यूपीसीच्या नावात लाकूड असलं, तरी आपल्याकडे कपाटांसाठी त्या नावाने जी फळी विकली जाते ती बहुतेक वेळा फुगवलेल्या पीव्हीसीची असते. त्यात थोडा लाकडाचा भुसा आणि खडूच्या जातीची पूड मिसळलेली. लेकीचं निदान बरोबर आहे. पण म्हणून इंटिरियरवाला खोटं बोलतोय असंही नाही. ही फळी पाण्यात बुडली तरी फुगत नाही, वाळवीला त्यात खायला फारसं काही नाही, आणि जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे हे गुण किरकोळ नव्हेत. कारखान्यात कापताना उरलेले तुकडे पुन्हा यंत्रात जातात हेही खरं. 'शंभर टक्के' आलं ते तिथून. पण तुमच्या स्वयंपाकघरात ती फळी दोन्ही बाजूंनी लॅमिनेट चिकटवून, कडेला पट्टी लावून, बिजागऱ्या ठोकून उभी राहणार. पंधरा-वीस वर्षांनी ती निघेल तेव्हा हे सगळं सोलत कोण बसणार? शिवाय पीव्हीसीचा एक मोठा दोष असा, की ते दुसऱ्यांच्या मालात मिसळलं तर त्यांचं वाटोळं करतं. पीईटी वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात पीव्हीसी जळून आम्ल सोडतं, म्हणून बाटल्यांच्या ढिगात थोडं पीव्हीसी गेलं तरी सगळा घाणा बिघडतो.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते, तर किचनमध्ये फळी कमीत कमी वापरली असती. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरश्यांची मांडणी, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या, आणि फक्त दारं पीव्हीसी फळीची. ही काही माझी नवी अक्कल नव्हे. कोकणातल्या कितीतरी घरांत कडप्प्याची मांडणी असायचीच, मॉड्युलर किचनच्या हौसेपायी ती आपण फोडून टाकली. पाणी आलं तर कडप्पा जागचा हलत नाही, ओसरल्यावर पाइप लावून चिखल धुऊन काढता येतो आणि दारं बिजागरीतून काढून आधीच माळ्यावर टाकता येतात. स्टीलचं भंगार तर कुणीही आनंदाने नेतं.

दारांसाठी पीव्हीसी घेताना लॅमिनेट चिकटवलेली फळी न घेता कारखान्यातूनच रंग घेऊन आलेली, आरपार एकाच मालाची फळी मागा. फळीत शिसं नाही असं बिलावर लिहून घ्या. पीव्हीसीत टिकाऊपणासाठी शिशाची संयुगं घालायची जुनी पद्धत आहे. २०२१ च्या नियमांनी त्यावर बंधन आणलं, पण ते नियम पाइप आणि फिटिंगसाठी आहेत, तेव्हा फळीबाबत आपणच विचारायला हवं. सुताराला सांगा, स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडायचं आणि एकदा बसवलेला स्क्रू उगाच पुन्हा पुन्हा काढायचा-घालायचा नाही. या फळीत स्क्रूची पकड प्लायएवढी नसते आणि बिजागऱ्या निखळल्याच्या बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. शेगडीच्या लगत ही फळी नकोच. सत्तर-ऐंशी अंशांना ती मऊ पडायला लागते, तेव्हा उतरवलेली कढई तिच्यावर टेकवणं वगैरे विसरा. देवघरात समईच्या वरच्या बाजूलाही कुठलंच प्लॅस्टिक लावू नका, रिसायकल केलेलं तर नाहीच नाही.

आता लेकीच्या रंगीत शीट. मला त्या मनापासून आवडतात, त्यामुळे जरा सविस्तर.

रिसायकल प्लॅस्टिकची फळी करून तिचं फर्निचर करायची कल्पना काल-परवाची नाही. लंडनमध्ये जेन ॲटफील्ड यांनी १९९२ मध्ये शाम्पू-दुधाच्या जातीच्या बाटल्यांपासून दाबून केलेल्या शीटची एक खुर्ची केली. सपाट तुकडे कापायचे आणि स्क्रूने जोडायचे, बस्स. आज ती तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमेको कंपनीने कोका-कोलाबरोबर एक खुर्ची काढली, १११ पीईटी बाटल्यांची म्हणून ती जगभर गाजली. पण नुसत्या पीईटीने हवा तेवढा ताठपणा येईना, म्हणून त्यात काचेचे तंतू घातलेले आहेत. खुर्ची मजबूत आहे यात शंका नाही. पण माझ्या भंगारवाल्याच्या परीक्षेत ॲटफील्डबाईंची खुर्ची पास होते आणि ही अडखळते. गंमत म्हणजे ज्या खुर्चीची ती नक्कल आहे, ती याच कंपनीने १९४४ मध्ये अमेरिकन नौदलासाठी केलेली ॲल्युमिनियमची खुर्ची होती. ॲल्युमिनियम म्हणजे भंगारवाल्याचा सगळ्यात लाडका माल!

तुमच्या शीटबद्दल पहिला प्रश्न हा, की झाकणं कुठली. बाटल्यांची झाकणं काही एचडीपीईची असतात, काही पॉलिप्रॉपिलीनची. दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे हौदात टाकून वेगळी करता येत नाहीत, हाताने खुणा बघूनच निवडावी लागतात. न निवडता एकत्र दाबली तर ती नीट एकजीव होत नाहीत. शीट दिसायला सुंदर होते, पण कड मोडून पाहिली की आत पापुद्रे दिसतात. नमुन्याचा कोपरा पक्कडीत धरून वाकवा. चांगली एचडीपीई शीट वाकेल, पांढुरकी पडेल, पण तिचे पदर सुटणार नाहीत.

दुसरी गोष्ट लेकीला कॉलेजात शिकवली असेलच, पण दुकानदार सांगत नाही. सागवानाचा ताठपणा एचडीपीईच्या साधारण दहापट असतो. म्हणजे सागाच्या ज्या जाडीच्या फळीवर तुम्ही निर्धास्तपणे पुस्तकं रचता, तेवढ्याच जाडीची ही शीट त्याच वजनाखाली दहापट वाकेल. आणि आज वाकून थांबणार नाही, वजन कायम राहिलं तर महिनोन्महिने हळूहळू वाकतच राहील. त्यामुळे पुस्तकांचं शेल्फ, डब्यांची मांडणी, पलंगाची फळी यांसाठी ही शीट घेऊ नका, घेतलीच तर खाली लोखंडी चौकट द्या. टेबलाचा माथा, चौरंगासारखी बुटकी स्टुलं, बेसिनमागची भिंत, न्हाणीघरातलं कपाट, तिथे मात्र ती शोभेल आणि टिकेल.

तुमचा सुतार या शीटवर वैतागणार हे धरून चाला. फेव्हिकॉल लागत नाही, फेविक्विक लागत नाही, लॅमिनेट चिकटत नाही, रंगही बसत नाही. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीनला जवळपास काहीच चिकटत नाही. सगळं स्क्रू-बोल्टने जोडावं लागतं. सुताराची ही अडचण आपल्या मात्र पथ्यावर पडते. जे स्क्रूने जोडलं ते स्क्रूने सुटतं, सुटलेला प्रत्येक तुकडा एकाच जातीचा असतो आणि पुन्हा दळायला जाऊ शकतो. कापताना पडणारा चुरा मात्र अंगणात उधळू देऊ नका. तुमच्याकडे पहिल्याच सरीत तो गटारातून वाशिष्ठी नदीत जाईल. खाली ताडपत्री अंथरायला लावा. एचडीपीईचा स्वच्छ चुरा शीट बनवणारे परतही घेतात, विचारून पाहा.

यजमानांचा प्रश्न अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर असलेला प्रश्न घरात फार भांडणं लावतो. रिसायकल प्लॅस्टिकची वस्तू नव्या प्लॅस्टिकच्या वस्तूच्या जागी आली, तर फायदा. आधीच घरात असलेली चांगली वस्तू काढून तिच्या जागी आली, तर कसला फायदा? म्हणून पडवीत तुमच्या लेकीने योजलेला बाक नको, हे मी स्पष्टच सांगते. तिथे फणसाचा बाक आहे, पुरातून निघालेला आहे, आणखी काय प्रमाणपत्र हवं? तासून, तेल देऊन, पाय कुजला असेल तर खालून तुकडा जोडून तो वापरा. अख्ख्या लाकडाला पुराचं पाणी चढलं तरी सावलीत हळूहळू वाळू दिलं की ते बहुधा सावरतं. प्लायचे थर सुटले की सुटले.

यजमानांची दुसरी अर्धी बाजू अशी, की बाटलीची पुन्हा बाटली होणं हे बाटलीचा बाक होण्यापेक्षा चांगलं. खरं आहे. पण शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन, फुटक्या बादल्या यांची पुन्हा तीच वस्तू क्वचितच होते. बांधकामावरचं काळं घमेलं पाहिलंय ना? रंगीबेरंगी माल एकत्र दळला की शेवटी काळा किंवा चॉकलेटीच रंग उरतो, आणि त्यातून घमेली, काळे पाइप, गडद खुर्च्या निघतात. त्या मालाचा जाड, वर्षानुवर्षं टिकणारा बाक झाला तर वाईट काय?

तेव्हा उघड्या अंगणासाठी बाक जरूर करा, तिथे लाकूड कुजेलच. काळ्या किंवा गडद रंगाच्या पट्ट्या घ्या. काळ्या रंगासाठी घातलेली काजळी उन्हातल्या अतिनील किरणांना अडवते, त्यामुळे काळं प्लॅस्टिक उन्हात जास्त टिकतं. मेच्या दुपारी बसवणार नाही एवढं ते तापेल हे खरं, पण मेच्या दुपारी चिपळुणात अंगणात बसतंय कोण? पट्टीची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवायला सांगा. एचडीपीई उष्णतेने फार वाढतं. दोन मीटरची पट्टी पहाटेच्या आणि दुपारच्या तीस अंशांच्या फरकात ७ ते १२ मिलिमीटर लांब-आखूड होते. भोकं घट्ट असतील तर ती धनुष्यासारखी वाकते आणि मग लोक 'रिसायकल माल हलका' म्हणून शिव्या देतात. खाली दर फूट-सव्वा फुटावर आधार, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, चौकट गॅल्वनाइज केलेली. शेवाळ धरेल, ते ब्रशने घासायचं. आणि बाक जमिनीत बोल्टने पक्का करा, कारण हे प्लॅस्टिक पाण्याहून हलकं आहे. पूर आला तर मोकळा बाक शेजारच्या आळीत जाऊन पोचेल. पीव्हीसीच्या फुगवलेल्या फळीचंही तेच, तेव्हा कपाटंही भिंतीला बांधून घ्या.

माळ्यावरच्या सहा खुर्च्या उलट्या करून बुडाखाली पाहा. त्रिकोणी खूण आणि आत ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. बाजारात अशी खुर्ची सगळ्यात सामान्य समजली जाते, पण एकाच साच्यातून, एकाच मालाची, स्क्रूसुद्धा नसलेली ती वस्तू पुन्हा वापरात आणायला सगळ्यात सोपी. त्यातली एखादी हाताला पांढरी भुकटी लावत असेल, तर ती उन्हाने जीर्ण झाली आहे. तिच्यावर ज्येष्ठ माणसांना बसवू नका, पाय एकदम मोडतो आणि माकडहाडावर निभावतं. ती भंगारात द्या. पाठीला नुसती चीर असेल तर दोन्ही बाजूंना तापल्या खिळ्याने भोकं पाडून तारेने शिवा, आपल्याकडे चहाच्या टपरीवर शिवतात तशी. हे करताना खिडकी उघडी ठेवा, आणि पीव्हीसीच्या वस्तूवर हा प्रयोग कधीच नको.

सासऱ्यांच्या वायरच्या खुर्च्यांना मात्र हात लावू द्यायचा नाही कुणाला! गंज खरवडून रेड ऑक्साइड, वर ऑइलपेंट, आणि वायर नवी विणून घ्या. वायर तुटली तर तेवढीच बदलते, सांगाडा तसाच राहतो. रिसायकल फर्निचरच्या चर्चेत मला तरी याहून हुशार रचना फारशी दिसत नाही. लेकीला सुट्टीत विणायला बसवा. आर्किटेक्चरच्या मुलीला ते यायलाच हवं.

उशा-गाद्यांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण दुकानात 'फायबर' म्हणून जो पांढरा मऊ कापूस मिळतो तो बऱ्याचदा पीईटी बाटल्यांपासून केलेला असतो. उशांना चालेल. पूरभागात त्याचा फायदा असा, की धुऊन उन्हात टाकला की वाळतो. फोमचं तसं नाही.

शेवटी पैशांचं. प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत उत्पादकावर माल परत गोळा करायची जी जबाबदारी टाकली आहे ती मुख्यतः वेष्टनांची, तुमच्या टेबलाची किंवा बाकाची नव्हे. म्हणून 'आम्ही परत घेतो' असं शीटवाला तोंडी म्हणाला तर ते बिलावर लिहून मागा. माल कोणत्या प्लॅस्टिकचा, त्यात रिसायकल किती, तो वापरलेल्या वस्तूंचा की कारखान्यातल्या कातरणांचा, हेही लिहून घ्या. जुन्या टीव्ही-संगणकांच्या काळ्या कवचांचा माल असेल तर घरात घेऊ नका. आग रोखण्यासाठी त्यात घातलेली ब्रोमिनची संयुगं दळूनही जात नाहीत. आणि कुठल्याही रिसायकल शीटवर थेट कणीक मळणं, भाजी चिरणं नको, पोळपाट लाकडाचाच बरा.

आगाऊ रक्कम देण्याआधी हातभर नमुना मागून घ्या. आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवा, मग बंद डब्यात रात्रभर ठेवून सकाळी झाकण उघडून वास घ्या. साबणाचा किंवा करपल्याचा उग्र वास आला, तर माल नीट धुतलेला नाही किंवा वितळवताना जळलेला आहे. त्यात दोन स्क्रू घालून पक्कडीने ओढून पाहा. नमुना द्यायला जो खळखळ करेल, त्याच्याकडून घेऊ नका.